वास घेऊन घेतलेली गाडी

गाडीचे मालक आम्हाला नवे कोरे पडदे दाखवत होते आणि मी मागच्या बाकावरची गादी उचलून, गुडघ्यांवर बसून, खालच्या फळीचा वास घेत होते. आमचे ‘हे’ दाराशी काठी टेकून उभे. त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की हळूच मराठीत म्हणाले, "अगं, गाडी बघायला आलोय आपण, आंबे नाही!"

पण मैत्रिणींनो, त्या वासानेच आमचे अठरा हजार पौंड वाचवले. त्याचीच ही हकिकत.

मी मूळची चिपळूणची. लग्नानंतर कराडला आले आणि २००४ पासून इंग्लंडमध्ये डार्बी शहरात आहे. हे इथल्या एका कारखान्यात होते, मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात. मुलगा लंडनला. सगळं सुरळीत चाललं होतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचाही परत आली. पण डावा हात आणि डावा पाय पूर्वीसारखे झाले नाहीत. त्यात औषधांमुळे तासातासाला बाथरूमला जावं लागायचं. झालं, ह्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. गणपतीला मंडळात नाही, लेकाकडे नाही, कुणाच्या बारशाला नाही. "वाटेत लागली तर?" हा एकच प्रश्न.

आपल्याला बायकांना हा प्रश्न काही नवा नाही. एसटीने लांब जायचं म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेल्या कितीतरी जणी हे वाचत असतील. मी स्वतः कुंभार्ली घाट किती वेळा कोरड्या घशाने चढले-उतरले आहे. पण पुरुषमाणसावर ती वेळ आली की तो खचतोच. खिडकीशी बसून समोरच्या घराकडे बघत राहणारा नवरा बघणं सोपं नसतं.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. वय चौऱ्याहत्तर. एकट्या आपली छोटी घरगाडी घेऊन देशभर फिरतात. मागच्या भागात पलंग, ओटा, फ्रिज आणि एक एवढंसं न्हाणीघर. त्या एकदा चहाला आल्या असताना मला म्हणाल्या, "संडास शोधत कशाला फिरतेस? बरोबरच घेऊन फिर की!" मी हसले. रात्री मात्र झोप लागेना.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, त्या पैशांत तुम्ही वर्षानुवर्षं हॉटेलात राहाल." हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. पण हॉटेलातलं बाथरूम हॉटेलात असतं, रस्त्यात नसतं. हे त्या तिशीच्या पोराला कसं कळावं?

पैसे होते ते ह्यांच्या निवृत्तीच्या वेळी एकरकमी मिळालेले. आजारपणाला म्हणून बाजूला ठेवलेले. त्यातले बावीस हजार पौंड काढायचे ठरवले. रुपयांत वीस लाखांच्या वर जातात. नवी गाडी यात येणं शक्यच नाही, म्हणजे वापरलेलीच घ्यायची. आणि फसलो तर पुन्हा घ्यायला पैसे नाहीत. आजवर आमच्या घरातल्या सगळ्या गाड्या ह्यांनी निवडल्या. माझं मत विचारलं जायचं ते रंगापुरतं. आता चालवणारी मी, बघणारी मी आणि फसलेच तर तीही मीच.

घर मोठं की गाडी छोटी?

या गाड्यांचे छोट्यांत मुख्य तीन प्रकार. पहिला फोक्सवॅगनच्या कँपरसारखा, छप्पर वर उचलता येणारा. दिसायला गोड, चालवायला मोटारीसारखा. पण त्यात बहुतेक वेळा स्वतंत्र संडास नसतो. म्हणजे आमच्या कामाचा नाही.

दुसरा प्रकार म्हणजे मालवाहू व्हॅनला खिडक्या पाडून आत घर बसवलेलं. अंग सगळं पत्र्याचं, म्हणून पाणी झिरपायला सांधे कमी. अरुंद असते, पण गल्लीबोळातून निघते. तिसऱ्या प्रकारात पुढचा ड्रायव्हरचा भाग तेवढा व्हॅनचा आणि मागे एक पेटीसारखं घर वेगळं बांधून चढवलेलं. आत ऐसपैस जागा. पण ही पेटी पातळ तक्ते जोडून केलेली, आत बऱ्याचदा लाकडाची चौकट. जिथे जोड, तिथे सांधा. जिथे सांधा, तिथे आज ना उद्या पाणी.

शिवाय परवान्याची गोष्ट. इथे १ जानेवारी १९९७ च्या आधी परीक्षा पास झालेल्यांना साध्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. त्यानंतरच्यांना साडेतीन टनांपर्यंत. मी पास झाले २००९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला! म्हणजे माझी मर्यादा ३५०० किलो. सहा मीटरच्या आतली गाडी घ्यायची, एवढं पक्कं झालं.

कुकर नेऊ की नको?

वजनाचा हिशेब मला आजींनी शिकवला. प्रत्येक गाडीवर एक पट्टी असते, तिच्यावर भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. उरेल तेवढंच तुमचं सामान. साखर कारखान्यावर उसाच्या ट्रकसाठी वजनकाटा असतो ना, तसे काटे इथेही आहेत. मालकाकडे काट्याची पावती असली तर मागायची.

आम्ही शेवटी घेतलेल्या गाडीचा हिशेब सांगते. भरलेली मर्यादा ३३०० किलो. डिझेल आणि गॅससकट काट्यावरचं वजन २९६०. उरले ३४०. आम्ही दोघं मिळून १३० किलो. पाण्याची टाकी ७० लिटरची, म्हणजे ७० किलो. राहिले १४०. यात अंथरुणं, कपडे, खुर्च्या, ह्यांची औषधं, माझी भांडी आणि शिधा. मर्यादा ओलांडली तर दंड होतो, आणि ब्रेक लागायला वेळ लागतो ते वेगळंच. हे म्हणाले, "तुझा कणकेचा डबाच दहा किलोचा आहे." मी म्हटलं, "तुमची पुस्तकं मोजा आधी." कुकर मात्र नेलाच. छोटा.

पडदे नवे, फळी जुनी

आता पहिल्या गाडीकडे येते. ती तिसऱ्या प्रकारातली, २००९ सालची, किंमत अठरा हजार. आत शिरले आणि जीव तिच्यावर जडला. नवे पडदे, नव्या गाद्या, चकचकीत ओटा. मालकही सज्जन वाटले. ह्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलं होतं. मनात म्हटलं, घेऊन टाकावी.

पण दार उघडल्या उघडल्या एक वास आला होता. सुगंधी फवाऱ्याच्या आडून येणारा. तो मी कुठेही ओळखीन. चिपळूणला श्रावणात माजघरातल्या कपाटाला येतो तो वास. कुबट.

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर तुम्हाला आठवत असेल. माझ्या भावाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. पुढच्या मे महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा भिंती रंगवून झाल्या होत्या, सगळं छान दिसत होतं. वहिनीने मला कपाटाची मागची बाजू दाखवली. वरून सनमायका जसाच्या तसा. पण अंगठ्याने दाबलं तर प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आत गेलं. "वरून काही दिसत नाही ताई," वहिनी म्हणाली, "हात लावल्याशिवाय कळत नाही."

वहिनीचं ते वाक्य आठवलं आणि मी गादी उचलली. मागच्या कोपऱ्यात फळीवर फिकट तपकिरी डाग होता, चहा सांडून वाळावा तसा. अंगठ्याने दाबलं. आत गेला.

आजींनी ओल मोजायचं यंत्र बरोबर दिलं होतं. वीस-पंचवीस पौंडांत मिळतं, दोन टोकं भिंतीला टेकवली की आकडा दाखवतं. साधारण १५ टक्क्यांपर्यंत चिंता नाही. १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवायचं. २० च्या वर म्हणजे पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं, आणि ३० च्या पुढे लाकूड सडायला लागलेलं असू शकतं. मी आधी दाराजवळ लावून बघितलं, १२ आला. खिडकीखाली १६. मागच्या कोपऱ्यात ३४.

मालकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, थंडीचं बाष्प असेल, खिडक्या उघडल्या की सुकेल. त्यांना खरंच माहीत नसेल, मी त्यांना दोष देत नाही. पण अशा गाडीची मागची भिंत उघडून आतली चौकट बदलायची म्हणजे हजारो पौंडांचं काम. आणि ते पडदे लावून होत नाही.

परतताना हे गप्प होते. मला वाटलं, रागावले. घरी आल्यावर म्हणाले, "मी असतो तर इंजिन ऐकून घेतली असती. गादी उचलली नसती." एवढंच. पण त्या दिवसापासून प्रत्येक गाडी बघायला हे आपणहून बूट घालायला लागले.

दोघांनी मिळून

दुसरी, तिसरी गाडी अशीच गेली. एकीला खालून गंज, दुसरीचे कागद अर्धवट. चौथी दुसऱ्या प्रकारातली, पत्र्याची, २०११ सालची. पडदे जुने, गाद्यांचा रंग विटलेला. पण आत शिरल्यावर वास आला तो फक्त डिझेलचा आणि कॉफीचा.

मालकांना मी आदल्या दिवशी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गाडी आधी सुरू करून ठेवू नका आणि फ्रिज गॅसवर लावून ठेवा. इंजिन गरम असलं की सुरू होतानाची कुरकुर लपते. म्हणून गेल्या गेल्या बॉनेटला हात लावायचा, थंड लागायला हवं. आणि हे फ्रिज गॅसवर थंड व्हायला काही तास घेतात. तिथे जाऊन बटण दाबलं तर कळायचं काहीच नाही.

इंजिन ह्यांनी ऐकलं. डोळे मिटून, काठीवर रेलून. मग विचारलं, "टायमिंग बेल्ट कधी बदलला?" मालकांकडे पावती नव्हती. गाडी तेरा वर्षांत चाळीस हजार मैलच चालली होती. मला वाटलं, कमी चाललीय म्हणजे उत्तम. हे म्हणाले, नाही. रबराचा पट्टा वापरलाच नाही तरी वयानेही म्हातारा होतो, आणि चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच जातं. टायरचंही तसंच. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१६’ असेल तर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. या टायरांवर नक्षी भरपूर होती, पण बाजूने बारीक भेगा. चारही बदलायचे, असं मी वहीत लिहिलं.

गॅसचा कप्पा मी बघितला. आपला घरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो, हे आपल्याला माहीतच आहे. म्हणून या गाड्यांत सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक असतं. ते बुजलेलं नाही ना, हे बघायचं. नळीवर तारीख असते, ती वाचायची. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, म्हणून थंडीत फिरणाऱ्यांना प्रोपेन लागतो. मग टाकीत पाणी भरायला लावलं, सगळे नळ सोडले आणि ओट्याखाली विजेरी घेऊन आडवी झाले. हिवाळ्यात टाकी आणि गीझर रिकामे केले नाहीत तर पाणी गोठून आतले भाग फुटतात. इथे सगळं कोरडं होतं.

आणि मग आमची खरी परीक्षा. ह्यांनी उजव्या हाताने दाराचा दांडा धरला आणि पायरी चढले. पहिल्या गाडीत हा दांडा डाव्या बाजूला होता, हे तेव्हा मोहात माझ्या लक्षातही आलं नव्हतं! आत दोन पावलं, न्हाणीघराचं दार, उजव्या हाताने कडी. आत गेले, दार लावून घेतलं. मालक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बसून बघतायत." दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "गुडघे लागत नाहीत गं!"

मी तोवर पलंग मांडून त्यावर झोपून बघितलं. संडासाची टाकी बाहेरून काढून उचलून पाहिली. भरली की पंधरा-वीस किलो होते आणि ती रिकामी करायची आहे मलाच.

कागद आणि घासाघीस

इथे तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी लागते. त्याला एमओटी म्हणतात. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर मागच्या तपासण्या फुकट बघता येतात. दरवर्षी किती मैल झाले, कशावरून नापास झाली, सगळं. मैल एखाद्या वर्षी कमी झालेले दिसले तर समजावं की काटा फिरवलाय. पण ही तपासणी फक्त गाडीची. आतलं घर, म्हणजे गॅस, वीज, पाणी, ओल यांची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते. नोंदणीच्या पुस्तकावर नाव असलं म्हणजे तो मालकच, असंही नाही. गाडीवर कर्ज बाकी असेल तर ती घेतलेल्याकडून ओढून नेता येते. थोडे पैसे भरून त्याची चौकशी होते, ती केली. चॅसीचा नंबर कागदाशी ताडून बघितला.

एक उणीव राहिलीच. जुनं डिझेल इंजिन म्हणून लंडनमध्ये शिरलं की दिवसाला साडेबारा पौंड द्यावे लागतात. २०२३ च्या ऑगस्टपासून ते सगळ्या लंडनभर लागू आहे. मुलाला म्हटलं, गाडी शहराबाहेर लावू, तू घ्यायला ये.

मालकांनी सांगितले २१,९००. मी वही उघडली. टायर चार, बेल्ट एक, आतल्या घराची तपासणी एक. प्रत्येकासमोर गॅरेजमधून विचारून घेतलेला आकडा. आवाज न चढवता वाचून दाखवला. एकवीस हजाराला सौदा झाला. हे गाडीत बसल्यावर म्हणाले, "कराडच्या मंडईत शिकलीस ते वाया नाही गेलं."

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे घरगाडी घ्यायचीय? खरं आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आपल्याकडे अजून हे नवंच. मात्र जुनी मोटार तर घेतोच ना आपण? पुरानंतर भिजलेल्या गाड्या धुऊनपुसून विकायला येतात. सीटखालचा गालिचा उचला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा. आणि वास घ्या. कुणी हसलं तर हसू दे.

२०२४ च्या मार्चमध्ये गाडी घरी आली. पहिल्या फेरीला जवळच्याच डोंगराळ भागात निघालो. अर्ध्या तासाने हे म्हणाले, "जरा थांबव." मी कडेला जागा बघून गाडी उभी केली. हे आपले आपण उठले, मागे गेले, आले, पट्टा लावला.

"चल," म्हणाले. पुढे किती वेळ हे रस्त्यातल्या मेंढ्यांबद्दल बोलत होते.

गाडी बघायला जाताना

• दिवसाउजेडी जा. पावसानंतरचा दिवस उत्तम. काळोखात बघू नका.
• विजेरी, वही, ओल मोजायचं यंत्र आणि बरोबर एक माणूस न्या.
• आधी वास, मग कोपरे, मग गाद्यांखाली. छताच्या झरोक्याभोवती आणि कपाटांच्या आत हात फिरवा.
• इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. टायर आणि बेल्टचं वय विचारा.
• फ्रिज, शेगडी, हीटर, पंप, दिवे सगळं चालवून बघा. ‘चालतं हो’ या शब्दावर जाऊ नका.
• पलंग स्वतः मांडा, त्यावर झोपा. संडासात बसून बघा. लाजू नका.
• सामानासाठी किती किलो उरतात ते कागदावर काढा.
• कर्ज, चॅसी नंबर आणि तपासण्यांचा इतिहास बघितल्याशिवाय विसार देऊ नका.
• पहिल्या भेटीत हो म्हणू नका. एक रात्र जाऊ द्या.